मर्यादवेल लावताना

नारळी पौर्णिमेनंतर पुळणीवर गेलात तर उधाणाने आणून टाकलेल्या काडीकचऱ्यात जरा बसून शोधा. शहाळ्यांची टरफलं, सुरूची बोंडं, तुटकी जाळी, बाटल्यांची बुचं, आणि त्यातच कुठे तरी वाटाण्याएवढं एक तपकिरी बी. चिमटीत धरलं की मखमलीसारखी दाट लव बोटांना लागते. लव खरवडली की खाली काळपट कवच, हाडासारखं टणक. नखाने त्यावर ओरखडाही उठत नाही. हे मर्यादवेलीचं बी. कुठल्या किनाऱ्यावरून वाहत आलं ते सांगता येणार नाही, कारण हे बी महिनोन्महिने समुद्राच्या पाण्यावर तरंगतं आणि तरीही आत जिवंत राहतं. म्हणूनच ही वेल कोकणात आहे, तशीच श्रीलंकेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्येही आहे. उष्ण प्रदेशातला वाळूचा किनारा म्हटला की तिथे ती बहुतेक भेटतेच.

कोकणातल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. घाटावरच्यांसाठी सांगतो. पान हुबेहूब आपट्याच्या पानासारखं, टोकाला दुभंगलेलं, पण आपट्यापेक्षा जाड आणि चकचकीत. देठ तोडला की पांढरा चीक येतो. फूल कर्ण्याच्या आकाराचं, गुलाबी-जांभळं, आत घशाशी अधिक गडद. सकाळी उमलतं, दुपारी उन्हाने मिटतं, दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचं उमलतं. वर्षभर थोडीफार फुलं असतातच, पावसाळा सरला की भरपूर. पानाच्या या दुभंगावरूनच वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली तिच्या नावात ‘शेळीचा पाय’ असा अर्थ असलेला लॅटिन शब्द घातला. आजचं शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. तमिळच्या जुन्या संगम काव्यात ती ‘अडुंबु’ म्हणून येते आणि तिथे तिच्या पानाला हरणाच्या खुराची उपमा आहे. शेळी, हरीण आणि आपटा, तिन्ही उपमा एकाच पानाच्या.

पण मला सगळ्यांत नेमकं वाटतं ते आपलं नाव. वेंगुर्ल्याकडे आमच्या वाडीच्या पुढे रापण लागते, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तिथल्या एका म्हाताऱ्या रापणकरांना आम्ही तात्या म्हणायचो. लहानपणी त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, “येलीच्या वर होडी वढलंस तर ती तुझी, खाली ठेवलंस तर दर्याची.” वेल जिथे सुरू होते तिथे समुद्राची हद्द संपते. रोजची भरती तिच्या खाली थांबते, उधाणाची तिच्या टोकांना शिवून जाते. म्हणून ती मर्यादवेल. तात्यांना भरतीचं पंचांग पाठ होतं, तरी होडी ओढताना ते वेलीकडेच बघायचे.

पुढे मला कळलं की ही वेल समुद्राची हद्द नुसती दाखवत नाही, ती हद्द तयार करण्याच्या कामातही आहे. ते काम कसं चालतं हे नीट समजलं, तर तिची लागवड कशी करायची हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून आधी तेच बघू.

फाल्गुन-चैत्रात दुपारी वारा सुटला की पुळणीवर गुडघ्यांवर बसा आणि वाळू बघा. वाळू धुरळ्यासारखी उंच उडत नाही. कण उड्या मारत जातात. एक कण उचलला जातो, थोडं पुढे जाऊन पडतो, पडताना दुसऱ्या दोघांना उडवतो. बहुतेक सगळी वाळू अशी जमिनीपासून वीतभर उंचीच्या आतच धावते. आता त्या वीतभर उंचीत मर्यादवेलीची पानं आली, तर वारा तिथे मंदावतो आणि त्याच्या हातातली वाळू पानांच्या मागे पडते. एखादी काटकीही वाळू अडवते, पण काटकी बुडाली की काम संपलं. वेल बुडाली की वर येते. पेरापेराला तिला मुळं फुटतात, तिथून नवा फुटवा वाळू फोडून वर निघतो, पुन्हा पानं पसरतो, पुन्हा वाळू अडते. असा थरावर थर चढत जातो आणि काही वर्षांनी जिथे सपाट पुळण होती तिथे कमरेएवढा बांध झालेला असतो. त्याला कोणी टोपलीभर वाळू घातलेली नसते.

एकदा वादळात कापला गेलेला असा बांध मी बाजूने पाहिला आहे. वाळूच्या भिंतीत जुन्या वेलींचे दोर एकाखाली एक दिसत होते, काही वाळलेले, काही अजून ओले, आणि प्रत्येक पेरातून लोंबणारी मुळं. सर्वांत खालचा दोर माझ्या छातीच्या खाली होता. त्या दिवसापासून मी या वेलीला कधी ‘गवतासारखी माजते’ असं म्हटलेलं नाही.

हा बांध पावसाळ्यात कामाला येतो. जून-जुलैच्या लाटा पुळणीची वाळू खेचून समुद्रात नेतात. ती फार लांब जात नाही. किनाऱ्याजवळच पाण्याखाली तिचा उंचवटा होतो आणि मोठ्या लाटा त्यावर फुटून अर्ध्या दमाने किनाऱ्याला लागतात. सप्टेंबरपासून समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. म्हणजे वाळूचा बांध ही समुद्राला द्यायची उधारी आहे, आणि ती फिटते. मात्र उधारी द्यायला गाठीला वाळू हवी. जिथे बांध सपाट करून वर भिंत घातली, तिथे लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळूही घेऊन जाते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तमिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी केली. जिथे वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरचा झाडोरा शाबूत होता, तिथे मागच्या वस्तीला मोठा आडोसा मिळाल्याचं त्यांना दिसलं.

आणखी एक गोष्ट लागवडीआधी समजून घ्यायला हवी, ती पाण्याची. मर्यादवेल खाऱ्या वाऱ्यात राहते, पण ती खारफुटी नव्हे. तिची मुळं साचलेल्या खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पुळणीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आपल्या विहिरींना गोडं पाणी लागतं ते याच कारणाने. वेलीचं सोटमूळ खोल जातं आणि हेच गोडं पाणी पितं. वरची पानं जाड आणि मेणचट असल्यामुळे मिठाचा फवारा आत शिरत नाही. कडक उन्हात ती मधल्या शिरेवर अर्धवट मिटतात, त्यामुळे तापही कमी होतो. थोडक्यात, तिला समुद्राचं पाणी घालू नका. तिला मीठ चालतं, पण हवं असतं असं नाही. कुंडीत मिठाचं पाणी ओतून वेल मारणारे मी पाहिले आहेत.

आता बियांकडे येतो. पहिल्या वर्षी मी ओंजळभर बिया तशाच मातीत टोचल्या आणि दोन महिने पाणी घातलं. एकही उगवली नाही. दोष बियांचा नव्हता. कवच पाणी आत घेतच नाही. समुद्रात जे कवच बियांना वाचवतं, तेच जमिनीत आड येतं. निसर्गात वाळूच्या घर्षणाने ते झिजतं, त्याला वेळ लागतो. आपण ते काम कानशीने करायचं.

वेलीवरचं गोल बोंड तपकिरी होऊन वाळलं की बोटाने दाबल्यावर फुटतं, आत बहुधा चार बिया असतात. ज्यांना बारीक भोक दिसेल त्या टाकून द्या, आतला गर किड्याने खाल्लेला असतो. उरलेल्यांपैकी एकेक चिमट्यात धरा. बीला एक डोळा असतो, जिथे ती बोंडाला चिकटलेली होती ती जागा. तिथे घासायचं नाही, तिथेच आत अंकुर असतो. डोळ्याच्या उलट्या बाजूला कानस किंवा जाड पॉलिश पेपर घ्या आणि काळं कवच जाऊन आतला फिका रंग ठिपक्याएवढा दिसेपर्यंत घासा. फिका रंग दिसला की थांबा. मग रात्रभर साध्या पाण्यात घाला. सकाळी ज्या फुगून जवळजवळ दुप्पट झाल्या असतील त्या तयार. ज्या तशाच टणक आहेत त्यांना पुन्हा कानस. फुगलेली बी पाण्यात ठेवून देऊ नका, कुजते.

पिशवीत तीन भाग वाळू आणि एक भाग पालापाचोळ्याचं कुजलेलं खत किंवा साधी माती एवढं पुरे. बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खोल. पिशवी उंच घ्या, कारण मूळ सरळ खाली जातं. पूर्ण उन्हात ठेवा. सावलीतलं रोप उंच, लुळं होतं आणि पुळणीवर पहिल्याच वाऱ्यात मान टाकतं. साधारण आठवड्यात-दोन आठवड्यांत अंकुर येतो. पहिली दोन पानं बघण्यासारखी असतात: मधोमध खोल चिरलेली, पंख उघडलेल्या वटवाघळासारखी. त्यानंतरची पानं आपट्याच्या वळणावर येतात. सहा-आठ आठवड्यांत रोप बाहेर लावायला हवं. पिशवीच्या तळाशी मूळ गोल फिरू लागलं की ते पुढे खोल जात नाही.

ज्यांना एवढी खटपट नको त्यांच्यासाठी बेणं. मर्यादवेल ही रताळ्याची सख्खी जातभाई, एकाच कुळातली आणि एकाच प्रजातिगटातली. ज्याने रताळ्याचा वेल लावला आहे त्याच्या हाताला हे काम ठाऊक आहे. वेलीचा कोवळा शेंडा घेऊ नका, मुळाजवळचा जून दोरही नको, मधला बोटाएवढा जाड भाग घ्या. तीन-चार पेरं असलेले हातभर लांबीचे तुकडे करा. खालची पानं काढा, वर एखाद-दुसरं ठेवा. चीक गळायचा थांबेपर्यंत तासभर सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावा. दोन पेरं तिरकी वाळूत गेली पाहिजेत, कारण मूळ फुटतं ते पेरातूनच. मधला दांडा कितीही खोल पुरला तरी तो काही करत नाही.

बेणं घेताना एक पथ्य. वेल उपटू नका. समुद्राकडच्या तोंडावरची वेल तर अजिबात तोडू नका, ती पहाऱ्यावर आहे. मागच्या बाजूला, वाडीच्या कुंपणाकडे, जिथे ती रस्त्यावर पसरलेली असते तिथून घ्या. दोन्ही बाजूंना मुळं धरलेल्या वेलीचा मधला तुकडा काढला तर तिचं काही बिघडत नाही. आणि शक्यतो आपल्याच किनाऱ्यावरचं बेणं घ्या. पण सगळं एकाच वेलीचं घेऊ नका, तीन-चार ठिकाणांहून थोडं थोडं जमवा.

लागवडीची वेळ हा सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. वृक्षारोपणाचे कार्यक्रम जूनमध्ये होतात, म्हणून मर्यादवेलही जूनमध्ये लावली जाते. महिन्याभरात समुद्र ती पुळणीसकट घेऊन जातो. डोंगरात जून योग्य, पुळणीवर नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की त्यानंतर जागा ठरवायला लागा, आणि ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत लावा. समुद्र मागे हटू लागलेला असतो, वाळू परत येत असते, आणि पाच-सहा आठवड्यांचा पाऊस अजून हातात असतो. तेवढ्यात मुळं ओल गाठतात.

जागा ठरवायला अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत जा. तेव्हा उधाणाची भरती असते. पाणी ओसरलं की कचऱ्याची एक ओळ उरते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत दिसणारी ओळ खालची असते, तिच्यावर विसंबू नका. उधाणाच्या ओळीला काठ्या रोवून खूण करा आणि तिथून दहा-पंधरा फूट वर पहिली रांग घ्या. वेल स्वतः खाली सरकायचं तेवढं सरकते. तिला आपण पाण्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायची गरज नाही.

खड्डा म्हणजे खरं तर भोक. पहारीने किंवा हाताने वरची कोरडी वाळू बाजूला करत ओली वाळू लागेपर्यंत जायचं, कधी वीतभर, कधी हातभर. रोप किंवा बेणं त्या ओल्या वाळूत बसलं पाहिजे, मग देठ कितीही खाली गेला तरी चालेल. बाकी झाडांना खोडावर माती चढवू नये म्हणतात, इथे उलट. शेंडा आणि दोन पानं वर राहिली की झालं. वाळू पायाने दाबून घट्ट करा, पोकळी राहिली तर मूळ वाळतं. तीन-तीन फुटांवर, पण रांगेत नव्हे, पुढच्या रांगेतल्या दोन रोपांच्या मधोमध मागचं रोप येईल असं. सरळ रांगांच्या मधून वारा बोळातून सुटल्यासारखा सुटतो.

खत घालू नका. शेणखताचा मोह मलाही झाला होता. वाडीतल्या एका वाफ्यात तांबड्या मातीत, शेण घालून लावलेली वेल दोन महिन्यांत पाटभर पसरली, पानं हाताच्या पंजाएवढी झाली, आणि फूल एकही नाही. उपाशी वाळूत तीच वेल वर्षभर फुलते.

पाऊस गेल्यावर पहिले तीन-चार आठवडे दोन-तीन दिवसांआड पाणी द्यावं लागतं. डबा घेऊन मुळाशी, संध्याकाळी. मग आठवड्यातून एकदा, डिसेंबरपर्यंत. नंतर थांबा. थंडीत दव पडतं, आणि पाणी थांबवलं की मूळ खाली जातं. फेब्रुवारीत काही पानं पिवळी पडतात, त्याने घाबरून पुन्हा पाणी सुरू करू नका.

पहिलं वर्ष खरं सांभाळायचं असतं ते माणसांपासून आणि गाड्यांपासून. गुरं सहसा चिकामुळे तोंड लावत नाहीत, पण बसायला मात्र तिथेच येतात. कोवळ्या वेलीवरून चारचाकी एकदा गेली की पेरं चिरडतात आणि तो पट्टा उघडा पडतो. उघड्या पट्ट्यात वारा शिरतो, वाळू उपसतो, आणि हातभर रुंदीची वाट दोन वर्षांत खिंड होते. म्हणून वाट द्यायचीच, पण समुद्राकडे सरळ नाही, तिरकी द्यायची. वाऱ्याला तिरकी वाट सापडत नाही. रापणीची आणि होड्यांची जागा आधीच सोडा. ज्यांचं पोट पुळणीवर आहे त्यांना अडवून लावलेली वेल टिकत नाही आणि टिकूही नये. आमच्याकडे जागा आखायला रापणकरांनाच बोलावलं होतं, त्यामुळे पुढे राखणदारीही त्यांनीच केली.

पुढच्या बाजूला नारळाच्या झावळ्या अर्ध्या पुरून गुडघ्याएवढं विरळ कुंपण करा. विरळच हवं. घट्ट पत्रा लावला तर वारा त्यावर आपटून पायथा उकरतो, झावळीतून मात्र गाळून जातो आणि वाळू तिथेच टाकतो. दोन पावसाळ्यांत झावळी कुजून जाते, तोवर वेलीने जागा घेतलेली असते. वेल वाळूत बुडायला लागली की मुलं हौसेने ती मोकळी करायला धावतात. त्यांना समजावून सांगा. ती बुडते आहे याचा अर्थ तिचं काम सुरू झालं आहे.

रोगराई फारशी नाही. सोन्यासारखे चमकणारे छोटे ढालकिडे पानांना भोकं पाडतात, पाडू द्या. औषध फवारू नका. पानाच्या बुडाशी, देठ जिथे पात्याला मिळतो तिथे भिंग लावून बघा, दोन बारीक गाठी दिसतील. त्यांतून गोड रस झरतो. तो फुलाचा मध नाही, मुंग्यांची मजुरी आहे. मुंग्या त्यासाठी वेलीवर फिरत राहतात आणि अळ्यांना बसू देत नाहीत. फवारणीने पहिल्या मरतात त्या मुंग्या. पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल चढली तर मात्र तेवढा भाग कापून जाळा, ती रस शोषून वेल वाळवते. आणि परसात रताळी असतील तर मर्यादवेल त्यांच्या शेजारी लावू नका. रताळं पोखरणारी सोंडकीड हिच्यावरही राहते.

मर्यादवेल एकटी सगळं करत नाही, हेही सांगायला हवं. ती पहिली येते, तिच्यासोबत रावणाच्या मिशा हे काटेरी गवत येतं. दोघांनी वाळू धरली की मागे निर्गुंडीची किनारी जात, वनजाई, केवडा येतात, त्यांच्याही मागे उंडी आणि भेंडीची झाडं. हा क्रम शेकडो वर्षं जमलेला आहे. आपण मात्र बऱ्याच किनाऱ्यांवर थेट पुळणीच्या तोंडाशी सुरू लावला. एकोणिसाव्या शतकात तो कारवारकडे आणला गेला आणि तिथून पसरला. सुरूचं बन देखणं असतं, सावली देतं, हे खरं. पण त्याच्या सुयांचा थर आणि सावली यांखाली मर्यादवेल जगत नाही, कारण तिला पूर्ण ऊन लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुरू उन्मळून पडलेले आपण पाहिले. असलेला सुरू तोडा असं मी म्हणत नाही. नवीन लावायचा असेल तर मागे लावा, पुढची जागा वेलीची आहे.

आमच्याकडे एका पर्यटन निवासाच्या मालकांनी समुद्र खोलीतून दिसावा म्हणून समोरचा बांध जेसीबीने एका दिवसात सपाट केला. कायद्याने ते करता येत नाही. २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वांत संवेदनशील वर्गात ठेवलं आहे. तक्रार झाली, कागद फिरले. दोन पावसाळ्यांनी पाणी त्यांच्या अंगणात आलं. आता तिथे दगड टाकले आहेत, आणि दगडांच्या दोन्ही टोकांना पुळण आणखी खचते आहे. शेजारच्या गरीब घरांनी यात काहीच केलं नव्हतं.

कासवांच्या किनाऱ्यांवर थोडं वेगळं धोरण लागतं. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलेल्या कामामुळे ऑलिव्ह रिडले कासवं आता घराघरांत माहीत झाली आहेत. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही ती येतात. मादी रात्री भरतीरेषेच्या वर कोरड्या उघड्या वाळूत दीड फूट खोल घर करते आणि शंभरावर अंडी घालते. ती उघडी वाळू तिला सोडली पाहिजे. म्हणून अशा किनाऱ्यावर पहिली रांग आणखी मागे घ्या, आणि नोव्हेंबरपासून घरट्यांच्या हंगामात पुळणीवर खणकाम, कुंपण काही करू नका. वेलीचा बांध मात्र कासवांच्या सोयीचाच आहे. मागच्या वस्तीचे दिवे तो थोडे झाकतो, आणि उजेडाच्या दिशेने भरकटणारी पिल्लं वाचतात.

पुळण नसलेल्यांनी काय करावं? पुण्या-मुंबईच्या गच्चीवरही ती येते. रुंद तोंडाची मोठी कुंडी किंवा अर्धं पिंप, खाली भरपूर भोकं, निम्म्याहून जास्त वाळू, आणि गच्चीतला सर्वांत तापणारा कोपरा. कठड्यावरून खाली सोडली तर सकाळी फुलांची माळ दिसते. वर्षातून एकदा, पाऊस संपताना, निम्मी छाटा. पाणी वरची दोन बोटं वाळू कोरडी झाल्यावरच. जमिनीत, बागेच्या चांगल्या मातीत मात्र लावू नका. तिला तिथे अडवणारं काही नसतं, दहा-पंधरा मीटर ती सहज जाते आणि पेरापेराला रुजते.

औषधी गुणांबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात. सांधे धरले तर पानं गरम करून बांधायची रीत कोकणात आहे. थायलंडमध्ये जेलीफिश डसल्यावर पानांचा रस लावतात आणि तिथल्या संशोधकांनी त्या रसाचा जेलीफिशच्या विषावर परिणाम होतो का हे प्रयोगशाळेत तपासलंही आहे. पण दंश झाल्यावर आधी दवाखाना. बिया पोटात घेऊ नका, जुलाब होतात.

पहिल्या वर्षी वेल दहा-बारा फूट गेली तर समाधान माना. दुसऱ्या पावसाळ्यात लाटा काही भाग तोडून नेतील, तेही सोसा. तुटलेले तुकडे पुढच्या भरतीला कुठे तरी लागतात आणि पेर वाळूत गेलं की रुजतात. तिसऱ्या वर्षी वेलीखाली हात घालून बघा, वाळू शेजारच्यापेक्षा वीतभर वर आलेली लागेल.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर आपल्या ग्रामपंचायतीला सांगा, वनखात्याच्या माणसाला सोबत घ्या, आणि पंचवीस रोपांनी सुरुवात करा. बिया वेचताना दहांतली एक उचला, नऊ समुद्राला ठेवा.